स्क्रीन लावली, पण माणसं बोलेनात

कामाच्या जागी सगळ्यांसाठी म्हणून लावलेल्या स्क्रीनमुळे सहकाऱ्यांच्या गप्पा वाढतात का, वाढाव्यात म्हणून काय करावं, याविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. कारखाने, बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, छोट्या फर्म अशा सगळीकडून पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वस्तूंच्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या सतत बदलतात.

प्रश्न : आमच्याकडे रिसेप्शनला आणि कँटीनमध्ये ५५ इंची स्क्रीन आहेत. कंपनीची मूल्यं, महिन्याचं टार्गेट, एमडींचा संदेश, आजचा सुविचार असं त्यावर फिरत असतं. वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांनी एकमेकांशी बोलावं हा हेतू होता. सहा महिने झाले, कुणी मान वर करूनही बघत नाही. काय चुकतंय?
— एचआर अधिकारी, चाकण

उत्तर : त्या स्क्रीनवर दोघांनी बोलावं असं काही नाही. टार्गेट सगळ्यांना पाठ असतं, मूल्यं रुजू झाल्या दिवशीच ऐकलेली असतात आणि सुविचार वाचून माणूस पुढे जातो. चार दिवस हेच दिसलं की डोळे ती जागा गाळायला शिकतात. जर्मनीतल्या योर्ग म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमक्या याच सवयीवर अभ्यास मांडला. तिथे आपल्या उपयोगाचं काही नसणार असं एकदा मनात बसलं की माणूस स्क्रीनकडे बघणंच सोडतो. त्याआधी २००८ मध्ये एलेन ह्वांग, ॲना कोस्टर आणि यान बोर्खर्स यांनी युरोपातल्या शहरांत सार्वजनिक स्क्रीनसमोरची माणसं पाहिली. बघितलंच तर एक-दोन सेकंद, आणि डोळ्यांच्या उंचीवर असेल तर जरा जास्त, असं त्यांना आढळलं.

म्हणून आता त्याच जागी एखादी छान स्लाइड घुसवून भागणार नाही, ती कुणाला दिसणारच नाही. कँटीनमधली स्क्रीन दोन आठवडे बंद ठेवा. मग ती दुसऱ्या भिंतीवर हलवा आणि नव्या मजकुरानिशी सुरू करा. रिसेप्शनची स्क्रीन पाहुण्यांसाठी राहू द्या. तिथे कर्मचारी थांबत नाहीत, त्यामुळे तिच्याकडून गप्पांची अपेक्षा करू नका.

मजकूर कुठून येतो यावर सगळं अवलंबून आहे. फूजी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ चर्चिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘प्लाझ्मा पोस्टर’ नावाच्या उभ्या स्क्रीन चहा-कॉफीच्या जागी आणि कॉरिडॉरमध्ये लावल्या होत्या. त्यावरचा बराच मजकूर तिथलेच लोक ईमेलने पाठवायचे आणि टाकणाऱ्याचं नाव सोबत दिसायचं. हे नाव फार महत्त्वाचं आहे. स्क्रीनवरचं वाचून कुणाकडे तरी जाता आलं पाहिजे. बोलणं स्क्रीनसमोर होतं, नाहीतर जेवणाच्या टेबलावर होतं. स्क्रीनने फक्त निमित्त द्यायचं असतं.

उदाहरण बघा. नेहमीची स्लाइड अशी असते : “वृक्षारोपण कार्यक्रम उत्साहात संपन्न. सर्व सहभागींचे हार्दिक अभिनंदन!” खाली साहेबांचा रोप लावतानाचा फोटो. यावर पुढे काय बोलणार? तीच गोष्ट मेंटेनन्सवाल्यांनी लिहिली तर अशी होईल : “मागच्या गेटजवळच्या ४० रोपांपैकी ११ वाळली. बकुळ तगली, ताम्हण गेली. शनिवारी पाणी घालायला कोण येतंय? — मेंटेनन्स, दुसरी शिफ्ट.” यात नाव आहे, कुठे भेटायचं ते आहे, आणि काहीतरी अर्धवट ठेवलेलं आहे. ज्याच्या घरी ताम्हण आहे तो बोलणार. ज्याला शनिवारी सुट्टी आहे तोही बोलणार.

प्रत्येक पोस्टमध्ये हे तिन्ही असावेत : माणूस, त्याची जागा आणि एक उघडा प्रश्न किंवा देऊ केलेली वस्तू. विषय शोधत बसावं लागत नाही, वर्षच ते पुरवतं. एप्रिलमध्ये देवगडच्या सहकाऱ्याकडून हापूसच्या पेट्या, जूनमध्ये कुठल्या रस्त्यावर पाणी भरलं, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत दोन जागा, दिवाळीआधी कुणाच्या घरच्या चकल्यांची ऑर्डर. भाड्याची खोली, हरवलेला डबा, रविवारचा गड, मुलीच्या दहावीची जुनी पुस्तकं हे तर बाराही महिने चालतं. व्यवस्थापनाचा मजकूर दहा स्लाइडमध्ये दोनच. हा आमचा ठाम आग्रह आहे. तिसरी घुसली की चौथी येतेच आणि स्क्रीन पुन्हा साहेबांची होते.

प्रश्न : आमचं ऑफिस दोन मजल्यांवर आहे. पॅन्ट्री, लिफ्टसमोरची मोकळी जागा आणि कॉरिडॉर यांपैकी स्क्रीन कुठे लावावी? किती इंची, किती उंचीवर?
— ॲडमिन विभाग, हिंजवडी

उत्तर : पॅन्ट्री. जिथे माणूस हातात काही नसताना दोन-तीन मिनिटं थांबतो ती जागा निवडायची. कॉफी मशीनचा कप भरेपर्यंत, मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम होईपर्यंत, पाण्याची बाटली भरेपर्यंत तो तिथेच असतो आणि शेजारी बहुधा दुसरं कुणीतरी असतं. लिफ्टसमोर लोक थांबतात खरे, पण दार उघडलं की बोलणं तुटतं. कॉरिडॉरमध्ये तर थांबलेला माणूस वाटेत अडचण होतो.

भिंत निवडताना येणाऱ्याची वाट बघा. चालत येणाऱ्याला स्क्रीन समोर दिसली पाहिजे. वाटेच्या बाजूच्या भिंतीवर लावलेली स्क्रीन चालताना तिरकी दिसते आणि सुटते. समोर खिडकी असेल तर दुपारी तिच्यात खिडकीच दिसेल. त्यासाठी टीव्ही विकत घेण्याआधी त्या मापाचं काळं चकचकीत कार्डबोर्ड किंवा बंद मॉनिटर तिथे धरून सकाळी १०, दुपारी १ आणि ४ वाजता बघा. ट्यूबलाइटची रेघ दिसते का तेही बघा. सिंक आणि वाफ येणारं यंत्र किमान दीड मीटर लांब हवं. स्क्रीनसमोर दीड ते दोन मीटर जागा मोकळी ठेवा आणि शक्य असेल तर कोपराच्या उंचीचं एक अरुंद टेबल तिथे ठेवा. कप टेकवायला जागा असली की माणूस आणखी दोन मिनिटं रेंगाळतो.

उभ्याने बघायची असेल तर स्क्रीनचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. टीव्ही छताजवळ टांगणं रेल्वे स्टेशनवर ठीक आहे. तिथे हजार डोक्यांवरून दिसायला हवं असतं, पॅन्ट्रीत तशी गरज नाही. बसून जेवायच्या कँटीनमध्ये मात्र खालची कडा साधारण १५० सेंमीवर घ्या आणि वरची बाजू थोडी पुढे झुकवा, कारण पुढच्या रांगेतली डोकी आड येतात.

साध्या पॅन्ट्रीला ४३ इंच पुरे. अशी स्क्रीन साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच असते. अक्षरांचा अंदाज असा धरा : तीन मीटरवरून सहज वाचायचं तर अक्षराची उंची २५ मिमीच्या आसपास हवी. १०८० ओळींच्या चित्रात एक पिक्सेल जवळजवळ अर्धा मिलिमीटर पडतो, म्हणजे अक्षर ५० पिक्सेल उंच. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांनाही जागा लागते, त्यामुळे फॉन्टचं माप किमान ८० पिक्सेल ठेवावं लागतं. एवढ्या मापात एका स्लाइडवर २५ शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि मावायलाही नकोत.

एक स्लाइड १२ सेकंद, अशा दहा स्लाइड. पूर्ण फेरी दोन मिनिटांची होते, जेवढा वेळ माणूस तिथे असतो तेवढीच. आवाज बंद ठेवा. खालून सरकणारी पट्टी टाकू नका. ती डोळा ओढून घेते आणि चाललेलं बोलणं तोडते.

दोन मजल्यांचं म्हणाल तर दोन्हीकडे तोच मजकूर त्याच वेळी दाखवा. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे ते फारच थोडं उरतं. मजला बदलला की तर आणखीच. दोन्ही मजल्यांवर एकच प्रश्न दिसला तर जिन्यात भेटल्यावर बोलायला निदान एक धागा असतो.

प्रश्न : आम्ही २५ जण आहोत. ऑफिसात ४० इंची जुना टीव्ही पडून आहे. कमीत कमी खर्चात काय करता येईल? पेन ड्राइव्ह लावून चालेल का?
— छोट्या फर्मचे चालक, नाशिक

उत्तर : पेन ड्राइव्हवर चित्रं टाकून टीव्हीची स्लाइड शो सोय वापरता येते. पण रोज कुणीतरी तो काढून, भरून, परत लावायला लागतो आणि वीज गेली की टीव्ही मेनूवर येऊन थांबतो. तिसऱ्या आठवड्यात ते काम सुटतं. त्याऐवजी टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’) बसवा. दोन जीबी मेमरीचा पुरेल.

सामान असं : पाय ४, त्याचा केस, पाच व्होल्ट तीन अँपिअरचा टाइप-सी अडॅप्टर, ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं मायक्रो एसडी कार्ड, आणि मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय केबल. पाय ४ ला नेहमीचं मोठं एचडीएमआय भोक नसतं, म्हणून केबल घेताना हे तपासून घ्या. पाय टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. तिथून पुरेसा करंट मिळत नाही, कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसायला लागतं आणि टीव्ही बंद झाला की पायचीही वीज तुटते. अशी अचानक वीज तुटली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं.

सॉफ्टवेअरचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, गूगल स्लाइड्स. प्रेझेंटेशन तयार करून ‘वेबवर प्रकाशित करा’ निवडायचं, वेळ १० किंवा १५ सेकंद ठेवायची, आपोआप सुरू होणं आणि शेवटानंतर पुन्हा सुरू होणं या दोन्ही खुणा करायच्या आणि मिळालेली लिंक पायवरच्या क्रोमियम ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीनवर उघडायची. कुणीही घरून स्लाइड बदलली तरी काही मिनिटांत टीव्हीवर बदलते. मात्र ही लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसते. गिऱ्हाइकांची नावं, दर असं काही त्यात नको.

दुसरा मार्ग अँथियास. हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, पूर्वी स्क्रीनली ओएसई नावाने ओळखलं जायचं. कार्डवर टाकलं की ऑफिसच्या कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमधून चित्रं, व्हिडिओ, वेब पानं चढवता येतात आणि प्रत्येकाला सुरुवातीची व शेवटची तारीख देता येते. तारखेची ही सोय आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. होऊन गेलेल्या कार्यक्रमाची स्लाइड तिसऱ्या दिवशीही फिरत असेल तर लोक समजतात की इथे कुणाचं लक्ष नाही. अँथियासला पासवर्ड आठवणीने लावा. नाहीतर वायफायवरचा कोणीही आत जाऊन काहीही चढवू शकतो.

आता बिघडतं कुठे ते बघू. ऑफिसच्या वायफायला रोज लॉग-इनचं पान येत असेल तर पाय तिथेच अडकतो. आयटीवाल्यांकडून त्याची कायमची नोंद करून घ्या किंवा सरळ लॅन केबल ओढा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली, परत आली आणि इंटरनेट अजून आलं नसेल तर त्याची तारीख चुकते आणि जुन्या स्लाइड उगवतात. कार्डांचं आयुष्य वाढवायचं तर सेटिंग्जमधून फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय करा. हे गूगल स्लाइड्सच्या मार्गाला जमतं, अँथियासला नाही, कारण त्याला चढवलेल्या फाइली कार्डवरच लिहायच्या असतात. लोडशेडिंगच्या भागात राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस लावून टाका. स्क्रीन काही वेळाने काळी होण्याची सोय पायमध्ये बंद करा. टीव्हीतही बघा, कारण बरेच टीव्ही तीन-चार तास रिमोट वापरला नाही की आपोआप बंद होतात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या चित्राच्या मापात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असतो.

वीज फार लागत नाही. ७० वॉटचा टीव्ही रोज दहा तास, महिन्याचे २६ दिवस चालला तर १८ युनिटच्या आसपास. कधी नवीन टीव्ही घेतलाच तर ओलेड मात्र टाळा, कोपऱ्यातला कायमचा लोगो त्यावर उमटून राहतो. आणि घरगुती टीव्ही दुकान-ऑफिसात वापरला तर वॉरंटी लागू होते का, ते कार्डावर वाचून घ्या.

प्रश्न : मराठी मजकूर टाकला की कधी चौकोन दिसतात, कधी भलतीच अक्षरं, कधी वेलांटी सुटी पडते.
— सहकारी बँकेचा कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर : तीन वेगळी दुखणी आहेत. चौकोन दिसतात तेव्हा त्या यंत्रात देवनागरी फॉन्टच नाही, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता बसवा. मुक्ता मुंबईच्या एक टाइपने केलेला मोफत फॉन्ट आहे, लांबून फार स्वच्छ दिसतो. भलतीच अक्षरं येतात तेव्हा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. बँकांच्या जुन्या परिपत्रकांत हे हमखास. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात. वेलांटी सुटी पडत असेल तर ते सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवत नाही. अशा वेळी संगणकावर स्लाइड करून ती चित्र म्हणूनच चढवा.

वेब पान वापरत असाल तर त्याची भाषा मराठी अशी नोंदवा. नोटोसारखे फॉन्ट मग ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ओळींमधलं अंतर फॉन्टच्या दीडपट ठेवा. इंग्रजी स्लाइडचं मोजमाप तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात.

प्रश्न : शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, कामगारांना ईमेलही नाही. मग पोस्ट टाकणार कोण? ऑफिसातलेच लोक टाकतात आणि कामगार फक्त बघतात.
— लाइन लीडर, रांजणगाव

उत्तर : मग कागद वापरा. स्क्रीनच्या शेजारी, हाताच्या उंचीवर एक पेटी, ए-६ मापाच्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं पेन. चिठ्ठीवर चारच रकाने छापा : नाव, लाइन व शिफ्ट, काय सांगायचं आहे, कधीपर्यंत दाखवायचं. रोज शिफ्ट बदलताना एकाने पेटी उघडायची, चिठ्ठीचाच फोटो काढायचा आणि तोच स्लाइड म्हणून लावायचा. टाइप करत बसू नका. हाताने लिहिलेलं अक्षर लोक लगेच ओळखतात आणि त्यावरून बोलणं सुरू होतं. फक्त जाड निळं किंवा काळं स्केच पेन ठेवा, बॉलपेनची रेघ टीव्हीवर पुसट होते.

कँटीनमध्ये मोबाइल चालत असेल तर क्यूआर कोडही ठेवा. स्कॅन करायचं अंतर भागिले दहा, एवढी त्याची बाजू हवी : दीड मीटरवरून १५ सेंमी. तो स्लाइडमध्ये फिरवू नका. खिशातून फोन काढेपर्यंत स्लाइड गेलेली असते. छापून शेजारी चिकटवा. गूगल फॉर्ममध्ये फोटो चढवायची सोय ठेवली तर समोरच्याला गूगल खात्यात लॉग-इन करावं लागतं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. स्क्रीनसाठी वेगळा व्हॉट्सॲप नंबर ठेवणं जास्त सोपं.

पहिली चिठ्ठी आपोआप येईल म्हणून वाट बघू नका. सुरुवातीला प्रत्येक लाइनमधल्या, सगळ्यांशी बोलणाऱ्या एकेका माणसाला जाऊन विचारा. पेटी रिकामी दिसली की दुसरा कुणी टाकत नाही.

प्रश्न : एकाने दुसऱ्याला टोमणा मारणारी पोस्ट टाकली. आता वरिष्ठ म्हणतात, प्रत्येक पोस्टला मंजुरी घ्या. नाव न देता लिहायची सोय ठेवावी का? आणि वाढदिवस लावायला काही हरकत?
— पत्रलेखिका, ठाणे

उत्तर : निनावी पोस्ट ठेवू नका. निनावी तक्रारीला जागा हवीच, पण ती तक्रार पेटीत किंवा समितीकडे. स्क्रीनवर निनावी मजकूर आला की सगळे तो कुणी लिहिला याचाच शोध घेत बसतात.

प्रत्येक पोस्टला साहेबांची सही हाही उपाय नाही. मंजुरीला दोन दिवस लागले की “आज संध्याकाळी गाडीत एक जागा आहे” ही पोस्ट मेलीच. वेगवेगळ्या विभागांतले तीन जण नेमा, एक आठवडा एकाकडे. त्याने पोस्ट तासाभरात लावायची. काय थांबवायचं याची यादी भिंतीवर लावून ठेवा : कुणा तिसऱ्याविषयीची मल्लिनाथी, राजकीय प्रचार, औषधं आणि गुंतवणुकीच्या योजना, गिऱ्हाइकाच्या मालाचे किंवा ड्रॉइंगचे फोटो. थांबवलेल्या पोस्टचं कारण त्या माणसाला समोर जाऊन सांगायचं. टोमण्याच्या बाबतीतही तेच. ज्याला टोमणा बसला त्याला आधी विचारा, मग लिहिणाऱ्याशी बोला.

वाढदिवस विचारून लावा, आणि तारीख-महिनाच, वर्ष नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा संमती हा आहे. पगारासाठी दिलेली जन्मतारीख परस्पर भिंतीवर आली तर ते कुणाला खटकू शकतं. फोटोचंही तसंच. रुजू होताना एक छोटा फॉर्म ठेवा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

प्रश्न : कायद्याने लावाव्या लागणाऱ्या सूचना याच स्क्रीनवर टाकून नोटीस बोर्ड काढून टाकला तर?
— ॲडमिन, अंधेरी

उत्तर : काढू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार शिक्षेची माहिती आणि अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावावा लागतो. दहा स्लाइडच्या फेरीत ती सूचना दोन मिनिटांतून १२ सेकंद दिसेल, आणि जिला फोन नंबर टिपून घ्यायचा आहे तिला सगळ्यांसमोर ताटकळत उभं राहावं लागेल. छापील बोर्ड शांत कोपऱ्यात कायम असू द्या.

प्रश्न : टच स्क्रीन घेतली तर लोक जास्त गुंततील का?
— वाचक, पणजी

उत्तर : सुरुवातीला नको. हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं की चारचौघांत मोठ्या स्क्रीनला हात लावायला लोकांना संकोच वाटतो, चुकलो तर हसं होईल असं वाटतं. मात्र दोघे-तिघे तिच्याभोवती जमले की बाकीचेही ओढले जातात. ते जमणं साध्या स्क्रीननेही होतं, जागा आणि मजकूर बरोबर असेल तर. मतदान घ्यायचंच असेल तर स्क्रीनवर प्रश्न टाका आणि खाली दोन काचेच्या बरण्या व वाटाणे ठेवा. शिवाय पॅन्ट्रीत टच स्क्रीनवर तेलकट बोटं लागतात आणि ती पुसायचं काम कुणाचं हा वाद उरतो.

प्रश्न : पुणे आणि नागपूर ऑफिसच्या चहाच्या जागा दिवसभर व्हिडिओने जोडून ठेवायच्या आहेत. कल्पना कशी वाटते?
— टीम लीड, पुणे

उत्तर : कल्पना जुनी आहे आणि ती कुठे अडते हेही माहीत आहे. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या पालो अल्टो आणि पोर्टलंडमधली आपली ठिकाणं अशी जोडली होती. १९९० च्या सुमारास बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेने एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या बसायच्या जागा मोठ्या, रुंद पडद्याने जोडल्या. लोक बोलले, पण समोरासमोर भेटल्यावर जितक्या सहज बोलतात तितके नाही. कॅमेऱ्याला दिसणारी जागा आणि माणसाला दिसणारी जागा एकच नसते, हे त्यातलं एक मोठं कारण. आपण पलीकडे दिसतोय की नाही हे कळत नाही. पडद्याच्या अगदी जवळ गेलं तर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पडतो आणि आपलं खाजगी बोलणं मात्र पलीकडे ऐकू जातं.

करायचंच असेल तर ५५ इंची स्क्रीन उभी लावा, म्हणजे माणूस जवळजवळ खऱ्या मापाचा दिसतो. कॅमेरा स्क्रीनच्या वरच्या कडेला नको. डोळ्यांच्या उंचीवर, स्क्रीनच्या बाजूला चिकटून हवा. कॅमेऱ्यात जेवढी जमीन येते तिची हद्द रंगीत टेपने आखा. टेपच्या आत आलात तर दिसता, बाहेर नाही, हे दाराशीच लिहून ठेवा. पॅन्ट्रीचा मोठा भाग टेपबाहेर राहिला पाहिजे, ज्याला एकटं चहा प्यायचा आहे त्याचा तो हक्क आहे. माइक बंद ठेवा आणि बोलायचं असेल तेव्हा दाबायचं मोठं बटण द्या. रेकॉर्डिंग अजिबात नाही, आणि तसं लेखी कळवा.

नेटचा हिशेब : ३ एमबीपीएसने आठ तासांत एका दिशेला साधारण १०.८ जीबी जातात, दोन्ही दिशांचे मिळून २१.६. दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा ११ आणि ४ च्या चहाला पाऊण-पाऊण तास चालू ठेवा. वेळ ठरलेली असली की पलीकडे कुणीतरी असतं. रिकाम्या खुर्च्यांकडे चारदा बघितलं की पाचव्यांदा माणूस बघत नाही.

प्रश्न : संचालक विचारतात, या स्क्रीनचा उपयोग झाला हे सिद्ध कसं करणार?
— एचआर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लावायच्या आधीपासून मोजा. स्क्रीन नसताना एक आठवडा, चहाच्या वेळी रोज अर्धा तास, एका माणसाने कागदावर काड्या मारायच्या. किती जण आले, त्यातले किती जण दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबले, आणि वेगवेगळ्या विभागांतले दोघे बोलताना किती वेळा दिसले. नावं लिहायची नाहीत, काय बोलले ते ऐकायचं नाही. स्क्रीन लागल्यावर हेच दुसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा करा. दुसऱ्या आठवड्याच्या आकड्यावर संचालकांना काही सांगू नका. तेव्हा नवलाई असते. दहाव्या आठवड्यातला आकडा खरा.

कॅमेऱ्याने चेहरे मोजणारी यंत्रणा विकायला कुणी आलं तर नको म्हणा. आपल्यावर पाळत आहे अशी कुजबूज झाली की त्या जागी गप्पा मारायला कुणी थांबणार नाही, आणि स्क्रीनही त्याच गप्पांसाठी लावलेली असते.

दुसरा आकडा स्क्रीनच्याच नोंदीत मिळतो : महिनाभरात किती वेगवेगळ्या माणसांनी पोस्ट टाकली. शंभरांच्या ऑफिसात एकूण साठ पोस्ट आल्या पण त्या पाच जणांच्याच असतील तर स्क्रीन त्या पाच जणांची झालेली असते. तेव्हा त्या पाचांना थांबवू नका. ज्या विभागातून एकही पोस्ट नाही तिथे जाऊन विचारा. बऱ्याचदा उत्तर अगदी साधं निघतं. अकाउंट्सवाले दुसऱ्या पॅन्ट्रीत चहा पितात आणि ही स्क्रीन त्यांच्या वाटेवरच येत नाही. त्यांच्या पॅन्ट्रीत २४ इंची जुना मॉनिटर आणि दुसरा पाय लावा, तोच मजकूर दाखवा आणि चार आठवड्यांनी पुन्हा काड्या मारा.